सायलेन्सरचा धूर: रंगाआधी वेळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेट्रोल गाडी, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. सकाळी सुरू केली की मागून निळसर-पांढरा धूर येतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबतो. दिवसभर पुन्हा दिसत नाही, फक्त सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघालात की आरशात धुराचा एक लोट दिसतो. कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन महिन्यांत बोटभर उतरली आहे. मेकॅनिकने धूर बघितल्या बघितल्या "रिंगा गेल्या, इंजिन करावं लागेल" असं सांगून टाकलं. इंजिन खरंच खोलायचं का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

अजून नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून माझा संशय रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) सगळ्यात शेवटी जातो. आधी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या वाफा काढणाऱ्या, वॉल्व्हवर जातो, मग वॉल्व्ह सीलवर. कूलंटचा मामला बहुधा वेगळाच आहे, पण तो तपासल्याशिवाय सोडायचा नाही. हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे मेकॅनिकसमोर उभं राहून तुम्हाला दोन प्रश्न विचारता येतील.

धूर म्हटला की सगळे आधी रंग विचारतात. निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे इंधन. हे खोटं नाही, पण अपुरं आहे, कारण रंग फसवतो. तोच ऑइलचा धूर सावलीत, मागे गडद भिंत असताना निळा दिसतो आणि उन्हात करडा-पांढरा. पहाटेच्या अर्धवट उजेडात तर चार माणसं चार रंग सांगतील. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो "धूर कधी येतो?" हा. थंड इंजिनला की गरम झाल्यावर, आयडलला की चढावर, ॲक्सिलरेटर दाबताना की सोडल्यावर, आणि किती वेळ टिकतो. या उत्तरांतून निम्मं निदान तिथेच होतं.

आता तुमची वेळ बघा. रात्रभर उभी राहिल्यावर आणि लांब आयडलनंतर. पेट्रोल इंजिन आयडलला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोराचा व्हॅक्युम तयार होतो. वॉल्व्हची दांडी ज्या गाइडमधून वरखाली होते त्या गाइडच्या माथ्यावर एक छोटं रबरी सील असतं. हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) ऑइल गाइडमधून खाली झिरपू नये एवढंच त्याचं काम. हजारो तास गरम ऑइलमध्ये राहून ते रबर कडक होतं, प्लॅस्टिकसारखं. मग आयडलच्या व्हॅक्युमने ऑइल थेंबाथेंबाने आत खेचलं जातं, वॉल्व्हच्या पाठीवर साठतं, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की एकदम जळतं. तो सिग्नलचा लोट. सकाळचंही तसंच: रात्रभर हेडमधलं ऑइल वजनाने खाली ओघळतं, दोन-चार थेंब सिलिंडरमध्ये उतरतात आणि सुरू करताच जळून संपतात. थेंब संपले की धूर संपला.

रिंगांचा धूर असा वागत नाही. कॉम्प्रेशन रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजला असेल तर धूर इंजिनावर ताण आल्यावर वाढतो. चढावर, ओव्हरटेक करताना, गाडी भरलेली असताना. आणि तो येतच राहतो, अर्ध्या मिनिटात आवरत नाही. सोबत पिकअप मंदावतो आणि ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून धापा टाकल्यासारखे वाफेचे हुंदके येतात. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

खात्री करायची एक जुनी पद्धत आहे, ती मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावरच करा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर लांब उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, वीस-तीस सेकंद तशीच उतरू द्या, मग व्यवस्थित दाबा. मागून दुसऱ्या गाडीतून कोणी व्हिडिओ काढला तर उत्तम. दाबताच लोट आला आणि विरला, तर सील किंवा गाइड. उलट चढावर दाबून धरल्यावर सलग निळं येत राहिलं, तर रिंगा-बोअर. एक कबुली मात्र द्यायला हवी: ही चाचणी शंभर टक्के नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा व्हॅक्युम अडकलेल्या ऑइल रिंगेवरूनही ऑइल वर ओढू शकतो. तो प्रकार पुढे येतोच.

ब्रीदरकडे मी आधी का जातो, त्याला माझाच इतिहास आहे. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, धूर ओळखता येतो असा जरा तोरा होता. अशीच एक गाडी आली, सकाळचा निळा धूर, ऑइल कमी होत होतं. मी छातीठोकपणे हेड उतरवलं, सील बदलले, वॉल्व्ह लॅप केले, सगळं नीट बसवलं. तिसऱ्या दिवशी गाडी परत, धूर जसाच्या तसा. शेवटी निघालं काय, तर क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या) वाफा इनटेकमध्ये सोडणारा अंगठ्याएवढा वॉल्व्ह उघडा अडकला होता, आणि मॅनिफोल्ड त्यातून ऑइलचा फवारा पीत होता. तो वॉल्व्ह हाताने उपटून, हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. आत "खुळखुळ" वाजला पाहिजे, वाजला नाही तर अडकलाय. मी ती दोन मिनिटं वाचवली आणि दोन दिवस घालवले. हेडची मजुरी मी घेतली नाही, पण गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

बऱ्याच नव्या गाड्यांत हा वॉल्व्ह सुटा नसतो. वॉल्व्ह कव्हरच्या आतच रबरी पडद्याच्या रूपात असतो आणि तो फाटतो. ओळखायची खूण: इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण काढायला जा. किंचित ओढ लागणं ठीक आहे, कागदाचा तुकडा भोकावर ठेवला तर हलकेच चिकटावा. पण झाकण ओढून काढावं लागत असेल, शिट्टी वाजत असेल, आणि झाकण निघताच आयडल डगमगत असेल, तर पडदा फाटलाय. उलट कागद उडून जात असेल आणि धुराचे झोत येत असतील, तर क्रँककेसमध्ये दाब साचतोय. तो ब्रीदरची नळी तुंबल्याने साचतो किंवा रिंगांवरून वायू खाली उतरल्याने. नळी आधी साफ करा, मग रिंगांना दोष द्या.

त्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. हसू नका. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल खुणेच्या वर भरलेलं आणि त्यामुळे धूर येणारी इंजिनं मी डझनांनी पाहिली आहेत. सपाट जागी उभी करून, बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी बघायचं. वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढा आणि आठवडाभर थांबा. तसंच, कंपनीने सांगितलेल्यापेक्षा पातळ ग्रेडचं ऑइल पडलं आहे का, तेही बिलावर बघा. जुन्या सीलला पातळ ऑइल धरवत नाही.

यानंतर ऑइल मोजा. बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, हजार किलोमीटर चालवा, पुन्हा तितकंच व्हायला किती भरावं लागलं ते मापाने बघा. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं, म्हणून अंदाजही करता येतो. कित्येक उत्पादक हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप "नॉर्मल" मानतात, काही त्याहून जास्त. मला ते उदार वाटतं, पण एवढ्या आकड्यासाठी मी कोणाचं इंजिन खोलणार नाही. हजारला शंभर-दोनशे मिलिलिटर जात असेल आणि धूर फक्त सकाळी येत असेल, तर ऑइल बघत राहा आणि गाडी चालवा.

आता मेकॅनिकला सांगायची गोष्ट: कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय रिंगांचं नाव घ्यायचं नाही. सगळे स्पार्क प्लग काढून, इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी भरलेली असताना. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १० ते १३ बार दाखवतं. नेमका आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो, पण सिलिंडरा-सिलिंडरातला फरक दहा टक्क्यांच्या आसपासच असावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगांची गळती होती, ऑइलने ती तात्पुरती बुजवली. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. त्याहून चांगली लीक-डाउन चाचणी: पिस्टन टॉपला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती टक्के पळते ते बघायचं. दहाच्या आत उत्तम, वीस-पंचवीसच्या वर काळजी. आणि कान लावायचे. ऑइलच्या झाकणातून फुसफुसलं तर रिंगा, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून आलं तर इनटेक वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एका चाचणीत चार उत्तरं. तरी ती करायचा कंटाळा अनेकांना असतो, कारण इंजिन खोलायचं ठरलेलंच असतं.

इथे एक चकवा आहे. कॉम्प्रेशन अगदी छान येतं आणि तरी गाडी ऑइल पिते. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडते. ऑइल वेळेवर न बदलल्याने किंवा सतत दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्याने ती खालची रिंग कार्बनमध्ये चिकटते. वरच्या शाबूत, म्हणून आकडा चांगला. अशा इंजिनात प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रव पिस्टनवर रात्रभर मुरवून, ते बाहेर काढून, ऑइल बदलून बघता येतं. माझ्या अनुभवात तीनातल्या एखाद्याच गाडीत ठळक फरक पडतो. पण इंजिन उतरवण्यापूर्वी करून बघण्याइतका हा उपाय नक्कीच स्वस्त आहे.

प्लग काढलेच आहेत तर ओळीने मांडून ठेवा आणि वाचा. ओलसर, तेलकट काळा प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. चारांपैकी एकच तसा असेल तर तिथलं सील किंवा तिथली रिंग, चारही तसे असतील तर मी पुन्हा ब्रीदरकडे वळेन. कोरडी मखमली काजळी म्हणजे इंधन जास्त. आणि एखादा प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ, धुतल्यासारखा असेल तर तिथे पाणी येतंय. कॅमेऱ्याची नळी आत घालून पिस्टनचा माथा बघितला तर हे अजून स्पष्ट दिसतं. तिघांवर कार्बनचा काळा थर आणि चौथा वाफेने घासल्यासारखा चकचकीत.

त्यावरून तुमच्या कूलंटकडे येऊ. सकाळची पांढरी वाफ दिसली की लोक घाबरतात, पण एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन मागूनच बाहेर पडतं आणि थंड सायलेन्सरमध्ये निवून त्याचे थेंबही टपकतात. हा दोष नव्हे. साधी वाफ ओळखायला पाइपच्या तोंडाकडे बघा. तोंडालगत काही बोटं अंतर पारदर्शक असतं, मग पुढे पांढरं दिसायला लागतं, आणि थोड्याच अंतरावर हवेत नाहीसं होतं. ऑइलचा धूर थेट तोंडापासूनच दिसतो आणि मागे रेंगाळतो. तोंडासमोर काही सेकंद पांढरा कागद धरला (हात लांब ठेवून, पाइप भाजतो) तर वाफेचे डाग वाळून जातात, ऑइलचे तेलकट डाग राहतात.

कूलंट जळत असेल तर मात्र इंजिन गरम झाल्यावरही, हवा गरम असतानाही पांढरे ढग येत राहतात आणि गोडसर वास येतो. मुद्दाम नाक लावून हुंगू नका. आपोआप आला तेवढा पुरे.

बोटभर पातळी दोन महिन्यांत उतरणं म्हणजे हेड गॅस्केट असं मी म्हणणार नाही. आधी पाइपांची टोकं, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, हीटरखालचा गालिचा आणि रेडिएटरची कॅप बघा. कॅपचं रबर सैल झालं की कूलंट वाफ होऊन जातं आणि मागे खूणही राहत नाही. पण खात्रीसाठी हे करा. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा आणि वरचा रेडिएटर पाइप दाबून बघा. मिनिट-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमट व्हायच्या आत तो दगडासारखा घट्ट झाला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. बाटलीत सलग बारीक बुडबुडे, मधूनच गार पडणारा हीटर, ही त्याचीच भावंडं. वर्कशॉपमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव भरलेली नळी लावतात. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात गेला की निळ्याचं पिवळं होतं. दुसरी चाचणी म्हणजे थंड इंजिनाच्या कूलिंग सिस्टिमला हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब देऊन रात्रभर ठेवणं, आणि सकाळी प्लग काढून स्टार्टर मारणं. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला की वाद मिटला. गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं आणि उघडताच अंगावर उसळतं.

ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला की "हेड गॅस्केट गेलं" असं सांगणारे पुष्कळ आहेत. नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो ओलाव्याने होतो. तासभर लांब चालवून आणा, बरेचदा विरतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी सुरूही करू नका. आणि कूलंट खरंच सिलिंडरमध्ये जात असेल तर "पाणी टाकत चालवतो" हा मार्ग बंद समजा. पाणी दाबलं जात नाही. रात्री सिलिंडरमध्ये पुरेसं साठलं तर सकाळच्या पहिल्याच स्टार्टरला कनेक्टिंग रॉड वाकतो. गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि बाटल्या मी वापरत नाही. त्या हीटरच्या बारीक नळ्याही तितक्याच निष्ठेने बुजवतात.

पांढऱ्या धुरात एक चोर असा आहे की तो लवकर सापडत नाही. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्युम इनटेकमधूनच येतो. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ब्रेक फ्लुइड बूस्टरमध्ये आणि तिथून इंजिनात ओढलं जातं. धूर पांढरा, कूलंट जागेवर, ऑइल जागेवर, आणि ब्रेकच्या बाटलीत पातळी उतरत चाललेली, खाली डाग नाही. असं दिसलं तर धुराचा विचार सोडा, गाडी उभी करा. इथे ब्रेकचा प्रश्न आहे.

काळ्या धुराबद्दल तुम्ही विचारलं नाही, म्हणून थोडक्यात. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. हवा कमी किंवा पेट्रोल जास्त झालं की काजळी. आधी एअर फिल्टर काढून बघा, मग स्कॅनर लावा. फ्युएल ट्रिम (गाडीच्या संगणकाने पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्त) दहा टक्क्यांहून जास्त उणे असेल तर संगणक पेट्रोल कापतोय आणि तरी मिश्रणात पेट्रोल जास्तच आहे, आणि पी०१७२ हा कोड नेमकं तेच सांगतो. यात मला सगळ्यात आवडणारी तपासणी फुकटची आहे: रात्रभर उभ्या गाडीत चावी फिरवून, सुरू न करता, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर वाचा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. कूलंट उणे चाळीस दाखवत असेल तर तो सेन्सर मेला आहे, आणि संगणक बिचारा इंजिन गोठलं समजून पेट्रोल ओततोय. गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी सुरू करताना स्टार्टर लांबत असेल आणि काळा लोट येत असेल, तर टपकणारा इंजेक्टर बघा. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पाइपच्या तोंडाला थोडी काजळी असतेच, ती पुसून गाडी चालवा.

डिझेलचं गणित वेगळं आहे. थंडीत सुरू करताना डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग), इंजेक्टरची फवारणी, किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन. इंजिन गरम झाल्यावर थांबला तर आधी ग्लो प्लग मीटरने मोजा. काळा धूर आणि सुस्त पिकअप एकत्र आले तर टर्बो ते इंटरकूलर ते इनटेक या सगळ्या पाइपांवर हात फिरवा. एखादा चिरलेला, तेलकट सांधा हाताला लागतोच. मग ईजीआर वॉल्व्ह (जळलेला वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा) उघडा अडकलाय का, आणि इंजेक्टरांचा रिटर्न: प्रत्येकाच्या रिटर्न नळीला बाटली लावून काही मिनिटं चालवायचं, ज्याची बाटली आधी भरेल तो झिजलाय. पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारी जाळी) असलेल्या गाडीतून काळा धूर दिसणं मुळातच चूक आहे. फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी आतून पोकळ केलाय. तोच फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा, सुमारे ६०० अंशांना, करपल्याचा वास आणि पंख्याचा आवाज येतो. ते नेहमीचं काम आहे, मध्येच इंजिन बंद करू नका.

डिझेलमध्ये कूलंट कमी होऊन पांढरा धूर येत असेल तर हेडच्या आधी ईजीआर कूलर तपासा. त्याच्या आतल्या नळ्या फुटल्या की कूलंट सरळ इनटेकमध्ये जातं. या एका भागापायी निष्कारण उतरलेली हेडं मी पाहिली आहेत.

टर्बोबद्दलही तेच. टर्बोतून ऑइल आलं की टर्बो बदलतात, आणि नवाही महिनाभरात तसाच करतो. टर्बोची सीलं वॉल्व्ह सीलसारखी रबरी नसतात, पिस्टन रिंगेसारख्या पातळ कड्या असतात. ऑइल खाली निर्वेध वाहून गेलं तरच त्या त्याला अडवतात. परतीचा पाइप कार्बनने अर्धा बुजला, किंवा ब्रीदर तुंबून क्रँककेसमध्ये दाब वाढला, की चांगला टर्बोही गळतो. आधी तो पाइप उतरवून आरपार बघा.

आणि एक धोका, डिझेलवाल्यांसाठी. टर्बोतून किंवा ब्रीदरमधून खूप ऑइल आत गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर धावायला लागतं. आरपीएम आपोआप चढतो, मागे धुराचा डोंगर, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी जळायला ऑइल आहे. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर उतरा आणि लांब जा. बॉनेटमध्ये हात घालू नका. इंजिन जाईल, जाऊ द्या.

आता तुमच्या गाडीसाठी क्रम. डिपस्टिक आणि कूलंटच्या पातळीचे थंड असतानाचे फोटो आजच काढून ठेवा. ब्रीदरचा वॉल्व्ह तपासा, शंका आली तर सरळ नवा बसवा. रेडिएटरची कॅप बदला, ती किरकोळ वस्तू आहे. हजार किलोमीटर चालवा. या काळात इंजिन लाइट लुकलुकायला लागला, गाडी मिसिंग करायला लागली किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर तिथेच थांबा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवतं. धूर बघायला बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो.

हजार किलोमीटरनंतर सकाळचा धूर तसाच असेल, कॉम्प्रेशन चांगलं असेल आणि कूलंट थांबलं असेल, तर वॉल्व्ह सील बदलून घ्या. बऱ्याच इंजिनांत त्यासाठी हेडही उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह वर धरून ठेवतात, स्प्रिंग दाबून लॉक काढतात आणि जुनं सील ओढून नवं बसवतात. हवा नसेल तर जुने लोक सिलिंडरमध्ये सुती दोरी भरून पिस्टन वर आणत, तेही चालतं. मेकॅनिकला विचारा, "हेड न काढता कराल का?" तो गप्प बसला तर दुसरा बघा. जुनी सीलं परत मागा आणि नखाने दाबून बघा. नवं रबर दबतं, जुनं टणक वाजतं. दांडी गाइडमध्ये बाजूला हलतेय का तेही त्याच वेळी बघायला सांगा. गाइड झिजले असतील तर नवी सीलंही फार दिवस टिकत नाहीत आणि मग हेड उतरवण्याला पर्याय राहत नाही.

काम झाल्यावर पहिले काही दिवस मागून थोडा निळा धूर दिसेल. सायलेन्सरमध्ये इतके महिने साठलेलं ऑइल आहे ते, जळून जाईपर्यंत दिसत राहतं. दोन-तीनशे किलोमीटरनंतरही तो राहिला तरच गाडी परत न्या.